डागलेलं बिस्किट

माझ्या मामांना आमच्या भागात नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळ्यांचे ते भट्टीवाले. लाकडावर चालणारी एवढी एकच बेकरी आसपास राहिली आहे. पुढे काचेचं कपाट आणि गल्ला, मधल्या खोलीत पीठ मळायचं लांब टेबल, त्यामागे भट्टी, आणि भट्टीजवळच्या दाराने बाहेर पडलं की लाकडं रचलेलं अंगण. मामा-मामी वरच्या मजल्यावर राहतात. भट्टीची धग जमिनीतून वर येते, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात लोणी कधी घट्ट राहत नाही.

मामा लहानपणी याच बेकरीत लाकडं फोडायला लागले. जुन्या मालकांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी थकल्यावर भट्टी मामांच्या हवाली केली. तेव्हापासून मामांनी एकही जिन्नस वाढवला नाही की कमी केला नाही. पाव, टोस्ट, बटर, बिस्किटं, सांगून ठेवला तर केक. कुणी काही नवं सुचवलं की म्हणायचे, "आहे ते नीट करू, मग बघू." ते 'मग' काही उजाडलं नाही. बोलणंही असंच मोजकं. मामी म्हणते, "लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, मुलगा शांत आहे. नंतर कळलं, गप्प आहे. दोन्हींत फरक असतो बाई."

मी त्यांची भाची. दुपारनंतर गल्ल्यावर बसते, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

मामांची एकुलती एक मुलगी, माझी ताई, नर्स होऊन परदेशी गेली आणि तिने तिथल्याच एकाशी लग्न केलं. फोनवर ही बातमी आली तेव्हा मामा टोस्टचे पाव कापत होते. "बरं," म्हणाले आणि पुढचा पाव घेतला. मामीने मात्र खोदून खोदून विचारलं. मुलगा काय करतो, जेवतो काय, कपडे कोण धुतं? मुलगा तळ्याकाठी लाकडी होड्या बांधायचा, वडिलांच्या कारखान्यात. कपडे स्वतः धुतो हे ऐकल्यावर मामीने लग्नाला मान्यता दिली.

पुढे मामांची पाठ धरली. लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवायचे, बाहेर ओढायचे, हे काम पाठीवाचून होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, भट्टीपासून लांब राहा. मामा त्या दिवसापासून डॉक्टरांपासून लांब राहू लागले. शेवटी एका सकाळी ते भट्टीपुढे वाकले ते वाकलेलेच राहिले. शेजारच्या न्हाव्याने आणि मी त्यांना धरून जिना चढवला. हे कळल्यावर ताईने परत यायचं ठरवलं. नवरा म्हणाला, मीही येतो. वडिलांच्या मागे कारखाना विकला गेला होता, होड्या आता साच्यातून निघत होत्या. लाकूड काय, कुठेही तासता येईल!

असे ते दोघे आले. जावई अंगाने इतके उंच की मधल्या खोलीच्या चौकटीला पहिल्याच दिवशी कपाळ आपटलं. गल्लीने त्यांना 'पाव्हणे' म्हणायला सुरुवात केली, आणि पाव्हणे जायचं नाव घेईनात तरी नाव तेच राहिलं. ते मामीला 'आई' म्हणत, मामांना 'बाबा'. आपली भाषा शिकायची जिद्द मोठी. पण शिकवणाऱ्या दोघी बायका, त्यामुळे सुरुवातीला बोलणं सगळं त्यांच्यासारखं. "मी आले, मी जेवले, मी आपटले."

मामांना त्यांच्याशी काय बोलावं ते कळेना. त्यात लोकांना विषय मिळालेला. न्हावी दाढी करता करता म्हणाला, "भट्टीवाले, जावई म्हणजे दहावा ग्रह. लोक त्याला पाहुणचार करून वाटेला लावतात. तुम्ही तर घरातच मांडून घेतलात!" मामा हसले नाहीत. घरजावई हा शब्द त्यांना बोचत होता. पाठ जरा सरळ होताच ते पुन्हा भट्टीपुढे उभे राहिले होते. पाव्हणे बिचारे पहाटेच उठून भट्टीपाशी येत आणि काहीतरी काम द्या अशा अर्थाने हात पुढे करून उभे राहत. मामा बोटाने अंगण दाखवत: लाकडं फोडा. पाव्हण्यांनी इतकी लाकडं फोडली की अंगणात पाय टाकायला जागा उरली नाही. ताई रात्रपाळी करून दवाखान्यातून घरी यायची आणि दोघांची तोंडं बघून झोपायला जायची.

एक दिवस पाव्हण्यांच्या आईने तिकडून पाठवलेलं खोकं आलं. ते पाहून त्यांचा चेहरा असा खुलला की मामी जिना उतरून खाली आली. आत पांढऱ्या मऊ गोळ्यांची पिशवी, चॉकलेटच्या वड्या आणि चौकोनी बिस्किटांचे पुडे. ताईने आम्हाला समजावलं. कारखान्यात आठवडाभराच्या ढलप्या साचायच्या. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कामगार, शेजारी, पोरंटोरं सगळे मिळून तळ्याकाठी त्यांची शेकोटी करायचे. काठीच्या टोकाला हा पांढरा गोळा टोचायचा, निखाऱ्यावर फिरवत तांबूस करायचा आणि चॉकलेटसकट दोन बिस्किटांमध्ये दाबून खायचा. तिकडे आजोबा-पणजोबांपासून हे चालत आलेलं.

"हा गोळा कशाचा?" मामीने विचारलं.

"साखरेचा. घट्ट व्हायला त्यात जिलेटिन घालतात," ताई जरा चाचरत म्हणाली.

"आणि ते कशाचं?"

"हाडं उकळून..."

"हाडं? गोडात?" मामी दोन पायऱ्या मागे चढली. ती अंडंसुद्धा न खाणारी. बेकरीतली अंडी मागच्या दाराने येत आणि खालच्या खालीच संपत. "तुम्ही खा खुशाल. मी आपली शेकत बसेन."

पुढच्या सुट्टीला आम्ही सगळे धरणाच्या पाण्याकाठी गेलो. पाव्हण्यांनी शेकोटी तर सुरेख रचली. पण खोकं कितीतरी दिवस वाटेत आणि उकाड्यात काढून आलेलं. पिशवीतल्या सगळ्या गोळ्यांची मिळून एक उशी झाली होती. चॉकलेट वितळून कागदाला लागलं होतं, बिस्किटं सादळली होती. पाव्हण्यांनी चाकूने त्या उशीचा तुकडा कापला, काठीला लावला, निखाऱ्यावर धरला. तो लोंबला आणि विस्तवात पडला. दुसराही पडला. "नाही जमली," ते हसून म्हणाले, एक सादळलेलं बिस्किट खाल्लं आणि उठून पाण्याच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ताई उठायला लागली, तर मामीने तिला हाताला धरून खाली बसवलं.

मामा त्या पाठीकडे बराच वेळ बघत होते. अख्खा घाणा बिघडला की माणूस कसा उभा राहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी पाव्हणे लाकडं फोडायला निघाले तर मामांनी त्यांना थांबवलं. टेबलाकडे बोट करून म्हणाले, "ते पांढरं. उरलंय ना? आणा."

त्यांनी तुकडा बोटांनी दाबून बघितला, ओढून बघितला, जिभेला लावला. मग बिस्किट मोडून त्याचा भुगा तळहातावर चोळला. "हे बिस्किट सोपं आहे," म्हणाले. "चॉकलेट आपल्या हवेत टिकायचं नाही, त्याला दुसरं काही बघू. पांढऱ्याचं अवघड आहे."

"अवघड," पाव्हण्यांनी मान डोलावली. तो शब्द त्यांना चांगला माहीत होता.

बिस्किट खरंच लवकर जमलं. जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, थोडा कोंडा, लोणी आणि साखरेऐवजी गूळ. पाव्हण्यांनी पहिलं बिस्किट मोडलं, त्याचा आवाज ऐकला आणि डोळे मिटून म्हणाले, "हीच." चॉकलेटच्या जागी मामांनी भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटले, त्यात कोको आणि गूळ घालून आटवलं. तो गोळा उन्हात ठेवला तरी वितळत नव्हता. पाव्हण्यांना तो फारच आवडला. येता-जाता बोट घालून चाटायचे, आणि मामी म्हणायची, "जावयाला बोलता येत नाही, पण चाटता येतं."

पांढऱ्याने मात्र घाम काढला. मामीलाही खाता यावं म्हणून आधी जिलेटिनऐवजी चायना ग्रास घालून केलं. वड्या देखण्या पडल्या. पण काठीला लावून निखाऱ्यापाशी नेल्या की थेंब थेंब गळायच्या. मामा म्हणाले, "हे भाजत नाही, पळतं." मग अंड्यातलं पांढरं फेसून त्यात साखरेचा कडक पाक ओतून बघितला. पाक ओतायला मामा, फेसायला पाव्हणे. फेस असा चकचकीत आणि ताठ झाला की भांडं उलटं केलं तरी पडेना. निखाऱ्याची आच लागली की वरून छान तांबूस व्हायचा. पण काठीवर राहायचा नाही. काठी तिरकी केली की सावकाश घसरत हातापर्यंत यायचा.

या खटपटीत दोघांचं बोलणं सुरू झालं. पाव्हण्यांची भाषा आता बेकरीची झाली: पाक, तार, आच, फेस, घाणा. मामांच्या तोंडचं ऐकून ते 'आलो, गेलो' म्हणू लागले. "बाबा, आज पाक पुढे गेला," असं म्हणायचे, आणि मामा, "पुढे गेला नाही, तुम्ही मागे राहिलात, हात जोरात चालवा." गिऱ्हाईकं थांबून ऐकत. मामा ओळीने एवढी वाक्यं बोलतात हे कुणी पाहिलं नव्हतं.

मग भांडण झालं.

झालं असं की मामांनी तो फेस चमच्याने बिस्किटावर घातला, ट्रेमध्ये मांडून भट्टीत सरकवला आणि जरा वेळाने काढला. सगळे एकसारखे तांबूस, एकही करपलेला नाही. मामांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि कपाळ पुसलं. "झालं."

पाव्हण्यांनी एक खाल्लं. छान आहे म्हणाले. आणि मग म्हणाले, "पण बाबा, हे ते नाही."

"काय नाही?"

"हे तुम्ही केलं. सगळ्यांसाठी. ते..." शब्द सापडेना म्हणून त्यांनी हवेत काठी धरल्यासारखा हात फिरवला. "ज्याचं त्याने. माझं मी जाळलं, तर जळलेलं मी खाल्लं. भट्टीत घातलं तर केक."

"काठीवर राहत नाही, भट्टी चालत नाही," मामा म्हणाले, "मग काय डोक्यावर धरू?" आणि ट्रे तसाच टाकून वर निघून गेले. पाव्हणे अंगणात गेले. कुऱ्हाडीचा आवाज सुरू झाला.

मला वाटलं, संपलं. मामी म्हणाली, "अगं, भांडण झालं म्हणजे नातं लागलं. परक्याशी कोण भांडतं?"

काही दिवस भट्टीपाशी पुन्हा शांतता. मग एका सकाळी मामा भट्टीतले निखारे पुढे ओढत होते. लोखंडी ओढणी तापून लाल झाली होती. ती बाजूला ठेवताना टेबलावर राहिलेल्या फेसाच्या भांड्याजवळून गेली. आदल्या दिवशीच्या केकसाठी केलेला थोडा फेस त्यात उरला होता. ओढणी त्याला शिवलीही नाही, नुसती वरून गेली, आणि फेसावर तांबूस पट्टा उठला. मामा तसेच थांबले. ओढणी पुन्हा वरून फिरवली. दुसरा पट्टा.

"पाव्हणे!" मामांनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "ओ पाव्हणे! इकडे या! काठी आगीत न्यायचीच नाही. आग काठीला लावायची!"

पाव्हणे धावत आले आणि चौकटीला कपाळ आपटलं. एका हाताने ते चोळत त्यांनी भांड्यात बघितलं, ओढणीकडे बघितलं, आणि आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलले. मामा म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी."

लोहाराकडून त्यांनी तळहाताएवढ्या लोखंडी चकत्या करून आणल्या, प्रत्येकीला लांब सळई. पाव्हण्यांनी सळयांना लाकडी मुठी बसवल्या, एकेक मूठ ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाची. माझी मूठ करताना त्यांनी माझ्या हातात ओली कणीक दाबायला दिली आणि तिच्या ठशावरून लाकूड तासलं. मामीने मूठ नको म्हटलं होतं, तरी तिचीही केली.

पुन्हा धरणावर गेलो. चकत्या निखाऱ्यात खुपसून ठेवल्या. बिस्किटावर कोकोचा थर, त्यावर फेसाचा डोंगर. मग ज्याने त्याने आपली लाल झालेली चकती उचलायची आणि आपल्या बिस्किटावर धरायची. जवळ नेलं तर करपतं, लांब धरलं तर काहीच होत नाही. साखर जळाल्याचा वास आला, धुराची बारीक रेघ उठली. ताईचं अर्धं काळं झालं, माझं एका बाजूने पांढरंच राहिलं. पाव्हण्यांनी आपलं सावकाश, गोल फिरवत तांबूस केलं, वर दुसरं बिस्किट ठेवून दाबलं आणि मामांपुढे धरलं.

"माझं मी करतो," मामा म्हणाले. "ज्याचं त्याने ना?"

पाव्हणे मोठ्याने हसले आणि आपलं बिस्किट दोन घासांत संपवलं. ओठांना फेस, दाढीला कोको. त्यांनी तोंड पुसलं नाही, लगेच दुसरं करायला घेतलं.

मामी बाजूला बसून हे बघत होती. बरोबर आणलेल्या डझनातलं एक पिकलेलं केळं तिने सोलून मधोमध चिरलं, बिस्किटावर ठेवलं, वर गुळाचा चुरा टाकला. आणि नको नको म्हटलेली ती मूठ हातात घेऊन चकती वर धरली. गूळ चरचरला, फसफसला, केळ्यावर काचेसारखा पसरला. तिने खाल्लं. कुणालाही विचारलं नाही, कुणाला दिलंही नाही. दुसरं केळं सोलायला घेतलं.

बातमी गल्लीत पसरायला न्हाव्याचं दुकान पुरेसं होतं. मामांनी अंगणातली लाकडं एका कडेला लावली आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी भट्टीतले निखारे घमेल्यात काढून अंगणात ठेवायला सुरुवात केली. येईल त्याने यावं. लोक त्याला डागाचं बिस्किट म्हणू लागले. न्हावी पहिल्यांदा आला तेव्हा त्याने चकती इतकी खाली धरली की फेस तिला चिकटून वर आला. "डाग द्यायचाय, दाढी नाही करायची," पाव्हणे म्हणाले. मामा हसून हसून खोकायला लागले. नंतर त्यांनी मला हळूच विचारलं, "हे त्यांना कुणी शिकवलं?"

पुढच्या वर्षी पाव्हण्यांची आई आली. मामीच्या विहीणबाई. लेकासारख्याच उंच, पण चौकट दिसताच वाकणाऱ्या. मामीने आदल्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं होतं. मामांचं वेगळंच चाललं होतं: पाक दोनदा केला, बिस्किटं निवडून निवडून बाजूला काढली. त्यांच्या तोंडून एकदा निघूनही गेलं, "मूळच्या माणसाने खाल्ल्याशिवाय काही खरं नाही."

संध्याकाळी अंगणात विहीणबाई बुटक्या स्टुलावर बसल्या. चकती हातात देताच त्यांना पद्धत समजली. छान तांबूस केलं. खाल्लं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. त्या बोलल्या ते ताईने सांगितलं: "म्हणतात, चव चांगली आहे. पण आमच्याकडचं हे नाही."

मामांनी खांदे जरा खाली सोडले.

"आणि म्हणतात," ताई पुढे म्हणाली, "की त्यांना ते हवंय. आई खातेय ते."

मामी एका कोपऱ्यात तिसऱ्या केळ्यावर होती. ती दचकली, मग सावरून बसली. शेजारी जागा केली, केळं सोललं, चिरलं, गूळ घातला आणि चकती विहीणबाईंच्या हातात देऊन त्यांचं मनगट धरून हवं तेवढ्या उंचीवर आणलं. "इथे. आता हलवू नका. ऐका. चरचर थांबली की काढायचं." विहीणबाई त्यांच्या भाषेत काही म्हणाल्या. "हो हो, थांबते," मामी म्हणाली. दोघींनी मिळून केळ्यांची फणी संपवली. मामा त्या दोघींकडे बघत, आपलं कौतुकाने केलेलं बिस्किट स्वतःच खात बसले.

"बाबा, वाईट वाटलं?" पाव्हण्यांनी विचारलं.

"छे. बिस्किट तर आपलंच आहे ना दोन्हीकडे," मामा म्हणाले. आणि जरा वेळाने, "तुम्हाला कसं लागलं? तिकडच्यासारखं?"

पाव्हण्यांनी बोटाला लागलेला कोको चाटला. "तिकडचं आता नीट आठवत नाही. हे खाल्लं की हेच आठवतं."

आता पहाटेची भट्टी पाव्हणे बघतात. मामा वर झोपून राहायचं कबूल करतात आणि राहत नाहीत; पण फळीला हात लावत नाहीत, नुसते स्टुलावर बसून आच सांगतात. त्यांची पाठ पुष्कळ बरी आहे. ताईला दिवसपाळी मिळाली. मामांनी कपाटात एक जिन्नस वाढवला, ती गव्हाची बिस्किटं. डागाचं मात्र विकायला ठेवलं नाही. ते खायचं तर अंगणात यायचं आणि चकती स्वतः धरायची.

विहीणबाई गेल्या त्या मामीच्या मुठीची चकती घेऊन. तिकडे तळ्याकाठी त्यांनी प्रयोग सुरू केले आहेत. परवा दुपारी त्यांचा फोन आला. गूळ तिकडे मिळत नाही, म्हणून काळसर साखर घालून बघतायत आणि ती करपते. ताई दवाखान्यात, पाव्हणे लाकूड आणायला गेलेले. मी फोन मामीकडे दिला. पडद्यावर विहीणबाईंनी एक हिरवट पिवळं केळं धरलं होतं.

"अहो, ते कच्चं आहे!" मामी ओरडली. टोपलीतून एक काढून तिने फोनपुढे नाचवलं. "असं हवं. ठिपके पडलेलं. ठिपके! आणि साखर ओली करून घाला, थोडं पाणी. पाणी, पाणी." तिने ग्लास दाखवला.

विहीणबाई भराभर काही बोलल्या. मामीने ते नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि माझ्याकडे वळली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"लोणी घालू का विचारतायत," मामी म्हणाली, आणि फोनकडे तोंड करून, "घाला, घाला. जरासं."